बारशाच्या आहेराची मुदत

शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर ई-मेलचा रकाना आला तेव्हा मी चारचौघींसारखा साधा, फुकटातला पत्ता लिहायला हवा होता. पण शेजारच्या बाईनं तिच्या पत्त्यात ‘क्यूटमॉम’ लिहिलेलं मी तिरक्या डोळ्यानं वाचलं आणि माझ्यातली एम.एस्सी. जागी झाली. (ती क्वचितच जागी होते, आणि होते ती नेमकी चुकीच्या दिवशी.) मी वळणदार अक्षरात लिहून टाकलं : आई अ‍ॅट अद्वैत वारके डॉट इन.

खिडकीमागच्या सरिता मॅडमनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“आ शुं छे? मॅडम, ये कौनसी कंपनी का मेल है?”

“कंपनी का नहीं. हमारा खुद का है.”

“खुद का मतलब?”

“मतलब... घर का.”

“अच्छा, होममेड,” असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. “इंटरव्ह्यू की तारीख मेल पे ही आएगी हां. रोज देखना. जिसने मिस किया उसकी सीट गई.”

सिल्वासात आम्हाला परवडेल आणि घराजवळ असेल अशी हीच एक शाळा. नर्सरीच्या जागा मोजक्या, आणि कारखान्यांत नोकरीला आलेल्या सगळ्या घरांत पोरं बरोबर अद्वैतच्याच वयाची. मी ‘रोज देखेंगे’ म्हणाले आणि त्या घरगुती पत्त्याच्या ऐटीत रिक्षात बसले.

आता हा पत्ता आमच्याकडे आला कसा, ते सांगायला हवं. केदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण रूपालीताई नाशिकला शिक्षिका आहेत. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तो त्यांनी बारशाला रीतसर बजावला, पण आहेराच्या वेळी वाळे काढले नाहीत, पैंजण काढले नाहीत. त्यांनी एक छापील कागद काढला. ‘बाळाला त्याच्या नावाचं डोमेन!’ म्हणजे इंटरनेटवरची दारावरची पाटी. तिच्यावर बाळाचं नाव, आत बाळाचे फोटो, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच नावाचा ई-मेल. “वाळे लहान होतात, नाव लहान होत नाही,” असं ताई म्हणाल्या आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ही पाटी विकत मिळत नाही, भाड्यानं मिळते, आणि भाडं थकलं की उतरवून ठेवतात, हे त्या टाळ्यांच्या गडबडीत कुणी सांगितलं नाही.

पाटी घेतली होती इथल्याच, सिल्वासातल्या किलवणी नाक्यावरच्या मयूरभाईंकडून. त्यांच्या दुकानावर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, लग्नपत्रिका, वेबसाइट’ असा बोर्ड आहे. पण पाटी मयूरभाईंच्या घरची नाही. ते वापीच्या एका माणसाकडून घेतात, वापीवाला सुरतच्या माणसाकडून, आणि सुरतवाला सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीकडून. दुधासारखंच. गवळी, डेअरी, टेम्पो, दुकान, आणि शेवटी आपल्या पातेल्यात जे पडतं ते नक्की कुठल्या म्हशीचं, कुणी विचारत नाही.

फॉर्म भरल्यानंतर काही दिवसांतच माझ्या त्या ऐटबाज मेलवर पहिली नोटीस आली. इंग्रजीत. मथळा असा : ‘अद्वैत वारके लवकरच एक्सपायर होत आहे.’

माझ्या हातातली वरणाची पळी खाली पडली.

केदार राखोलीला सुताच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. (घरातलं प्रॉडक्शन मी बघते.) त्याच्या खात्यातल्या श्रीकांतरावांना ‘आज वीज तोडणार’ असा मेसेज आला होता आणि त्यांनी घाबरून लिंक दाबली होती, वीज राहिली, बँकेतलं सगळं गेलं. तेव्हापासून केदारनं घरात फसवणूक ओळखण्याचा वर्गच सुरू केला होता. मी फोन केला तेव्हाही मागं मशिनं घरघरत होती आणि तो ओरडत होता, “घाई करतायत का? लाल अक्षरं आहेत का? स्पेलिंग चुकलंय का? कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही ना? मग फ्रॉड! डिलीट!”

मी तपासलं. घाई होती. लाल अक्षरं होती. ‘रिन्यू’चं स्पेलिंग चुकलं होतं. कंपनीचं नाव तर उच्चारताही येत नव्हतं. मी डिलीट केलं. दुसरी आली, डिलीट. तिसरी आली, तीही डिलीट केली आणि स्वतःला एक शाबासकी दिली.

मग चौथी आली, आणि काय सांगू! केवढी सभ्य! वर ढालीचं चिन्ह, माझं पूर्ण नाव, आमच्या सोसायटीचा पत्ता पिनकोडसह, आणि ‘आदरणीय मॅडम’. आदरणीय! लग्नानंतर मला कुणी आदरणीय म्हटलेलं आठवत नाही. घाई नाही, धमकी नाही, स्पेलिंग शुद्ध. ‘आपल्या नावाची वार्षिक नोंदणी करून घ्यावी, ही विनंती.’ केदारच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेली ती एकमेव नोटीस. मी लगेच पैसे भरले आणि ‘धन्यवाद’ असं उलट उत्तरही पाठवलं. (आईनं लावलेलं वळण.)

तरी मनाची खात्री म्हणून मयूरभाईंना फोन केला.

“भाभी, टेन्शन नै लेवानुं,” ते म्हणाले. “आपका तो ऑटो रिन्यू है.”

मी निश्चिंत झाले. म्हणजे एकाच कामाला दोन कुलपं लागली, असं मला वाटलं.

घरातलं वातावरण मात्र तेव्हाच बिघडलं होतं आणि त्याचा काही अर्थ लागत नव्हता. सासूबाई मूळच्या यावलच्या. बोलणं रोखठोक, पण मायाळू. त्या माझ्याशी एकाएकी भांड्यांमार्फत बोलायला लागल्या. मी स्वयंपाकघरात गेले की कुकरचं झाकण आपटायचं. मी बाहेर आले की आत पेला घरंगळायचा. मी विचारलं, “आई, काही चुकलं का माझं?”

“आमचं काय चुकायचं नि काय बरोबर यायचं,” त्या अद्वैतला म्हणाल्या. “ज्याच्या हाती मुदत, तो मोठा!”

मी रात्रंदिवस विचार केला. कसली मुदत? लोणच्याची? फ्रिजमधल्या दह्याची? दही टाकून दिलं. तरी कुकरचं झाकण आपटतच राहिलं.

आणि मग एका सकाळी ते झालं. सासूबाईंचा नेम असा, की देवपूजा झाली की मोबाईलवर अद्वैतची पाटी उघडायची आणि बारशातला त्याचा टोपरं घातलेला फोटो बघायचा. (अद्वैत स्वतः तिथंच पायाशी गाडी फिरवत असतो, पण फोटोतला अद्वैत पाणी सांडत नाही.) त्या दिवशी देवघरातून हाक आली. भांडं नाही, खरी हाक.

“मधुरा! माय वं, इकडं ये! पोरगं कुठं गेलं?”

“इथंच आहे की, तुमच्या चपलेत पाय घालून.”

“हे नव्हे! फोटोतलं! तिथं काय येऊन बसलंय बघ!”

मी बघितलं. टोपऱ्यातल्या अद्वैतच्या जागी एक जुना फोर्कलिफ्ट होता. खाली लिहिलं होतं, ‘सेकंडहँड, चांगल्या स्थितीत.’ त्याच्याखाली केस उगवण्याच्या औषधाची जाहिरात. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत : ‘हे नाव विकत घेण्यात आपल्याला रस आहे का?’

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या आणून आधी मोबाईलवरून आणि मग अद्वैतवरून उतरवल्या. मी माझा मेल उघडायला गेले. उघडेना. आणि तेव्हा लक्षात आलं : पाटीबरोबर मेलही गेला होता, आणि त्याच मेलवर शाळेची तारीख येणार होती. जिसने मिस किया उसकी सीट गई.

अद्वैतला कडेवर घेतलं आणि किलवणी नाका गाठला. मयूरभाई कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होते.

“मयूरभाई, आमचा मुलगा गेला!”

रांगेतले लोक गंभीर झाले. एकानं टोपी काढली. मी घाईघाईनं अद्वैतला वर उचलून दाखवलं. “हा नाही. इंटरनेटवरचा.”

मयूरभाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. मग माझ्याकडे. “भाभी, ये तो एक्सपायर हो गया.”

“पण तुम्ही तर ऑटो रिन्यू म्हणालात!”

“है ना ऑटो.”

“मग झालं का नाही?”

“ऑटो मतलब मैं खुद याद रखके करता हूँ,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “लेकिन बीच में साली की शादी आ गई.”

“पण मी पैसेही भरलेत! ही बघा पावती!” मी ती आदरणीय पावती पुढं केली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि चेहऱ्यावर अपार दया आणली.

“भाभी, ये रिन्यू नहीं है. ये लोग सिर्फ आपका नाम एक लिस्ट में डालेंगे, जो कोई पढ़ता नहीं. आपने घर का भाड़ा नहीं भरा, पेपर में ‘हमारा घर है’ ऐसी जाहिरात दी.”

“मग खऱ्या नोटिशी?”

“वो तो ऊपर से आई होगी. परदेश वाली कंपनी से. लाल अक्षर, थोड़ा स्पेलिंग मिस्टेक...”

मी अद्वैतला टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. केदारच्या कसोट्या एकूण एक खऱ्या होत्या. फक्त त्या आमच्याकडं उलट्या लागू पडत होत्या.

“टेन्शन नै. अभी ग्रेस चालू है, वापस मिलेगा,” मयूरभाईंनी की-बोर्ड ओढला. “लॉगिन करता हूँ. ओटीपी आएगा... हं, गया आपके मेल पे.”

“कुठल्या मेलवर?”

“आई अ‍ॅट अद्वैत वारके डॉट इन.”

“पण तो तर बंद आहे!”

“हां, क्योंकि डोमेन बंद है.”

“मग डोमेन चालू करा!”

“उसके लिए ओटीपी चाहिए.”

“मग ओटीपी...?”

“मेल पे है.”

रांगेतल्या टोपीवाल्या काकांनी “म्हणजे किल्ली तिजोरीत, आणि तिजोरी बंद” असा निष्कर्ष काढला आणि त्यांचं आधार कार्ड मशिनमध्ये वाकडं गेलं.

मयूरभाईंनी वापीला फोन लावला. वापीवाला म्हणाला, मालक कोण आहे ते सुरतला विचारतो. सुरतवाला म्हणाला, मालकाचा मोबाईल नोंदलेला आहे, त्याच्यावरही ओटीपी जाईल, मालकाला विचारा.

“मालक मीच!” मी म्हणाले. “म्हणजे अद्वैत. म्हणजे आम्ही.”

“नै भाभी. मालक तो रूपालीबेन हैं. उन्होंने लिया था ना.”

अरे देवा! आहेर दिला खरा, पण कागदावर तो अजून देणाऱ्याच्याच नावावर होता. वाळे बाळाच्या पायात आणि पावती आत्याच्या पर्समध्ये! आणि रूपालीताई तर हल्ली माझ्या फोनला ‘शाळेत आहे’ एवढंच उत्तर देत होत्या, रविवारीसुद्धा.

मी दुकानातूनच फोन लावला.

“बोला वहिनी,” पलीकडून थंडगार आवाज आला. (त्या मला एरवी ‘ए मधू’ म्हणतात.) “मुदत संपली म्हणायची. आता काय, वसुलीला माणसं पाठवताय?”

“ताई, कसली वसुली?”

“आता कसली वसुली विचारतेस? ‘प्रिय रूपाली, आपली मुदत संपत आली आहे, वेळीच पैसे भरा.’ मग ‘दुसरे स्मरणपत्र’. मग ‘ही अखेरची संधी’. आणि काल काय, तर ‘आता दंडासह भरावे लागतील’! खाली सही : मधुरा केदार वारके, सिल्वासा. अगं, बारशाचा आहेर एकदा देतात! तो काय दरवर्षी वसूल करायचा असतो? माझ्या सासूबाईंनी वाचलं हे सगळं! म्हणाल्या, तुझ्या माहेरची रीत न्यारीच दिसते!”

“ताई, देवाशप्पथ, मी एक अक्षर पाठवलेलं नाही!”

“तुझं नाव आहे खाली. मी आईलाही वाचून दाखवलं.”

कुकरचं झाकण का आपटत होतं, ते मला नाक्यावर कळलं. मी हळूच मान वळवली. मयूरभाई लॅमिनेशनच्या मशिनमागं काहीतरी शोधत होते. इतकं वाकून, की त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“मयूरभाई?”

“भाभी, वो क्या है,” पाठ बोलली, “नोटीस भेजने का सॉफ्टवेअर नया लिया ना मैंने. उसमें नीचे नाम डालने का खाना था. मुझे लगा कस्टमर का नाम डालने का है. तो सबके नीचे कस्टमर का डाल दिया.”

“सगळ्यांच्या?”

“दाँत के डॉक्टर को उन्हीं के नाम से गई. उन्होंने तो कुछ नहीं बोला. उनको लगा होगा उन्होंने खुद को ही लिखा है. आपके केस में बस क्या हुआ... लेने वाला अलग, वापरने वाला अलग.”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना तेच पुन्हा बोलायला लावलं. मग रूपालीताई म्हणाल्या, “म्हणजे ‘तुमचे नाव काढून टाकण्यात येईल’ हे तू नाही म्हणालीस?”

“तुम्ही ठेवलेलं नाव मी कशी काढीन, ताई?”

“ए मधू,” ताईंचा आवाज एकदम ओला झाला. “मी तुला दिवाळीचे अनारसे पाठवले नाहीत गं. मुद्दाम.”

“मला वाटलं, बिघडले असतील.”

“माझे अनारसे?” आवाज पुन्हा कोरडा व्हायला लागला, म्हणून मी घाईनं ओटीपीवर आले. तर ताई म्हणाल्या, “ओटीपी? तो कुणालाही सांगायचा नसतो. शाळेत मीच पोरांना शिकवते.”

“ताई, मी मधुरा आहे!”

“मधुराच्या नावानं आत्तापर्यंत जे आलं, ते कुठं मधुराचं होतं?”

शेवटी त्यांनी व्हिडिओ कॉल केला, आधी अद्वैतला बघितलं, मग मला, मग मयूरभाईंना मशिनमागून बाहेर काढायला लावून नीट बघून घेतलं, आणि नंतरच आकडे सांगितले. शिवाय रिन्यू स्वतःच्याच खर्चानं, तेही पुढच्या कैक वर्षांचं, केलं. “आता आहेर म्हटलं की आहेर,” असं वर बजावलं.

नाव परत आलं. टोपऱ्यातला अद्वैत परत आला. मेलचा डबाही उघडला. आत एकच पत्र होतं, त्या सभ्य लोकांचं : ‘आदरणीय मॅडम, अभिनंदन!’

“शाळेचं कुठाय?” मी विचारलं.

“बंद था तब जो आया, वो वापस चला गया होगा,” मयूरभाई म्हणाले. “दरवाजा बंद, तो पोस्टमन क्या करेगा?”

मी तडक शाळा गाठली. रिक्षातून उतरताना माझ्या अंगात घरातला ड्रेस होता, अद्वैतच्या अंगात वासोण्याच्या सफारीतल्या सिंहाचं चित्र असलेला, पुढं वरणाचा डाग पडलेला टी-शर्ट. सरिता मॅडमनी मला बघताच हात हलवला.

“होममेड मॅडम! कहाँ थे आप? कल रात मेल भेजा, वापस आया. लिखा था, ऐसा कोई पता ही नहीं है! आज लास्ट दिन है, अभी बंद करने वाले थे. जाओ, जाओ, अंदर जाओ!”

मुख्याध्यापिका मीनाक्षी मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. अद्वैतनं न घाबरता स्वतःचं नाव सांगितलं, हत्ती ओळखला, गाजर ओळखलं. मी मात्र त्या काय विचारतील या भीतीनं पदर नसताना पदर सावरत होते. त्यांनी फाईल मिटली.

“मेल परत आला, म्हणून आम्ही आज तुमच्या घरच्या नंबरवर फोन केला होता.”

“घरी?” मला पत्ताच नव्हता.

“सरितानं आधी केला. पडताळणीसाठी मुलाची जन्मतारीख विचारली. पलीकडून एक आजी म्हणाल्या, ‘आधी तुझी सांग, तुझ्या आईची सांग, मग बघू.’ आणि ठेवून दिला. मग मी स्वतः केला. म्हटलं, मी शाळेची मुख्याध्यापिका बोलतेय. तर त्या म्हणाल्या, ‘असं का? मी कलेक्टर बोलतेय.’”

मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. केदारच्या वर्गात सगळ्यांत मागं बसून वाती वळणारी विद्यार्थिनी एवढी पुढं गेली असेल, असं वाटलं नव्हतं. गेली सीट, मी मनात म्हटलं. नाव वाचवलं आणि सीट गेली.

“मॅडम, त्या जरा...”

“छान!” मीनाक्षी मॅडम म्हणाल्या. “अद्वैतला प्रवेश दिलाय. आणि पुढच्या शनिवारी आम्ही पालकांसाठी ऑनलाइन फसवणुकीवर एक कार्यक्रम ठेवतोय. घरचंच कुणी, अनुभवाचं बोलणारं हवं होतं.”

मी ताठ बसले. एम.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्रातली का असेना. नम्रपणे म्हटलं, “मी प्रयत्न करीन, मॅडम.”

“तुम्ही नव्हे हो,” त्या म्हणाल्या. “त्या आजी. तुम्ही त्यांना तेवढं घेऊन या.”

संध्याकाळी सगळी हकीगत घरात सांगितली. केदार ‘आदरणीय मॅडम’वर इतका हसला की त्याला उचकी लागली. सासूबाईंनी मला जवळ घेतलं, “मला आधी विचारायचंस ना वं,” म्हणाल्या, आणि कपाटातून ठेवणीतली पैठणी काढायला गेल्या.

शनिवारी त्या व्यासपीठावर चढल्या. हॉल भरलेला. माईक त्यांनी असा धरला, जसं काही जन्मभर तेच केलं.

“लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका, हे तुम्हाला सगळे सांगतात,” त्यांनी सुरुवात केली. “मी एक खरी घडलेली गोष्ट सांगते. एक शिकलेली बाई होती. खऱ्या नोटिशी तिनं केरात टाकल्या आणि एका चोरानं ‘आदरणीय’ म्हटलं म्हणून त्याला पैसे पाठवले. वर धन्यवाद म्हणाली!”

हॉल हसून कोसळला. ‘क्यूटमॉम’ डोळे पुसत होती.

“तिचं नाव नाही सांगणार मी,” सासूबाई प्रेमानं म्हणाल्या. “घरातलीच आहे. ती बघा, मागं दाराशी, पोराला बिस्किट भरवून राहिली.”

सगळा हॉल वळला. मी हात जोडून नमस्कार केला. दुसरं काय करणार? आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.